ऑफरोडच्या गाडीतलं प्रथमोपचाराचं सामान: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर, मागे हौदा. राहायला पुण्यात कोथरूडला, त्यामुळे सुट्टी मिळाली की तोंड बहुतेक पौड-मुळशीकडे, नाहीतर पानशेतमार्गे वेल्ह्याकडे. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीसाठी प्रथमोपचाराचं सामान सुटं जमवलं. तेव्हापासून ते गाडीत आहे. काय टिकलं, काय गंजलं, काय खरोखर वापरलं गेलं, ते लिहितोय.

तयार किटचं आधी उरकतो. शोरूममधून गाडीबरोबर आलेल्या डबीत चार पट्ट्या आणि बोटभर कापूस होता. मग ऑनलाइन एक किट मागवलं. वर शंभराहून जास्त वस्तू असं छापलेलं, झकास लाल बॅग. आमच्या वहिनी भूलतज्ज्ञ आहेत. त्यांनी ती बॅग जेवणाच्या टेबलावर उपडी केली, चिकटपट्ट्या आणि स्पिरिटच्या पुड्यांचा ढीग एका बाजूला सारला आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता ह्यात रक्त थांबवायला काय आहे ते दाखवा." दाखवण्यासारखं काही नव्हतंच. एक गॉजचा तुकडा होता, तोही रुमालाच्या चतकोर.

मग यादी उलट बाजूने केली. आपल्या ह्या कच्च्या रस्त्यांवरच्या उद्योगात माणसाला होतं काय? सगळ्यात आधी हात आणि बोटं: विंचची (रुतलेली गाडी ओढणाऱ्या रहाटाची) तार, ती अडकवायचा शॅकल नावाचा कडा, जॅकचा दांडा. मग भाजणं, रेडिएटरचं झाकण किंवा सायलेन्सर. दगडातून उतरताना घोटा मुरगळणं, मनगट मोडणं. त्यात सह्याद्रीचं स्वतःचं: ऊन, आग्या मोहोळ, विंचू, साप. ही यादी घेऊन सदाशिव पेठेतल्या होलसेल मेडिकलवाल्यांकडे गेलो. एकाच फेरीत बहुतेक सामान मिळालं. निर्जंतुक गॉज भरपूर, रोलर बॅन्डेज, दहा आणि पंधरा सेंटीमीटरचे क्रेप, त्रिकोणी पट्ट्या, मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी), बेटाडीन, 20 मिलीच्या सिरिंज, नायट्राइलचे हातमोजे, ओआरएस. फोममध्ये गुंडाळलेला अ‍ॅल्युमिनियमचा स्प्लिंट (मोडलेला हातपाय स्थिर धरणारी पट्टी) आणि अंगाची ऊब टिकवणारी रुपेरी चादर मात्र ऑनलाइन घ्यावी लागली.

टूर्निकेटबद्दल, म्हणजे दांडी पिळून हातपाय आवळायच्या आणि रक्त थांबवायच्या पट्ट्याबद्दल, थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे फसवणूक फार आहे. कॅट नावाच्या अमेरिकन टूर्निकेटच्या नकला ऑनलाइन ढिगाने मिळतात, दिसायला हुबेहूब. मी आधी घेतलेल्या स्वस्त नगाची दांडी घरी मांडीवर आवळून पाहताना वाकली. खऱ्या रक्तस्रावात ती तुटली असती. अस्सल माल बाकीच्या सगळ्या सामानाच्या बेरजेपेक्षा महाग पडला आणि तरी माझ्या मते घ्यावा. पण तो कशासाठी आहे हे घरच्यांनाही माहीत हवं: हातापायातून रक्त भळाभळा वाहतंय आणि दाबून थांबत नाही, तेव्हाच. जखमेच्या वर दोन-तीन इंच, कोपर-गुडघ्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा, वेळ मार्करने कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहायची, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत मधेच सैल करून बघायचं नाही. कमरेच्या पट्ट्याने हे काम होत नाही, तो पुरेसा आवळलाच जात नाही. सुदैवाने आमचा टूर्निकेट अजून कोरा आहे.

सामानाच्या दोन बॅगा केल्या आणि मला वाटतं ह्या सगळ्या खटाटोपातला हाच निर्णय सगळ्यात उपयोगी ठरला. एक किरकोळ बॅग: चिकटपट्ट्या, चिमटा, मलम, क्रेप, ओआरएस. दुसरी फक्त रक्ताची: हातमोजे, गॉज, प्रेशर बॅन्डेज, टूर्निकेट, बोथट टोकाची कात्री, मार्कर. एकत्र ठेवलं की पोरं पट्टी शोधताना सगळं उसकटतात आणि आयत्या वेळी गॉज डेटॉलच्या बाटलीखाली सापडतो.

रक्ताची बॅग ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या पाठीला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधलेली आहे. आधी ती हौद्यातल्या हत्यारांच्या पेटीत कुलपात ठेवायचा विचार होता, जागा तिथे भरपूर. वहिनींनीच विचारलं, गाडी कुशीवर पडली तर हौद्यापर्यंत जाणार कोण? सीटबेल्टमध्ये अडकलेल्या माणसाचा हात पोहोचला पाहिजे. आणि बांधलेली हवीच. गाडी पलटी झाली तर सुटी पेटी आतल्याच कोणाचं तरी डोकं फोडते.

आता उन्हाळ्याचं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर जातो. औषधांच्या पाकिटावर मात्र 25 नाहीतर 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्याच्या शेवटी बॅगा उघडून प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली. ऑनलाइन किटमधले लेटेक्सचे हातमोजे बोटाला बोट चिकटून बसले होते, सोडवायला गेलं की फाटत होते. नायट्राइलचे ठणठणीत. साध्या चिकटपट्टीचा डिंक कडेने पाझरून त्यावर धुळीची काळी किनार बसलेली. मायक्रोपोर बऱ्यापैकी राहिला. मलमाच्या ट्यूबमध्ये तेल वेगळं आणि पांढरा गोळा वेगळा. क्रेप आणि गॉजला काहीही झालेलं नव्हतं.

त्यानंतर व्यवस्था बदलली. कापडाचं सामान कायम गाडीत. गोळ्या, मलमं, बेटाडीन एका छोट्या पाऊचमध्ये घरी, गाडीच्या किल्लीच्या हुकालाच अडकवलेलं. किल्ली घेतली की पाऊच हातात येतं. ह्याने एक्स्पायरी बघण्याचं कामही सोपं झालं.

पावसाळा वेगळ्या तऱ्हेने छळतो. ताम्हिणी घाटात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की चेन बंद केलेल्या बॅगेतसुद्धा दमटपणा शिरतो. स्वस्त कात्रीचा खिळा गंजून पाती हलेनाशी झाली; ती बदलून स्टेनलेस स्टीलची घेतली आणि जाड जीन्सवर चालवून पाहिली. निर्जंतुक गॉजच्या पाकिटाचा कागद ओलसर झाला की ते निर्जंतुक राहिलं असं धरता येत नाही. म्हणून आता सगळी पाकिटं झिपलॉकमध्ये, हवा दाबून काढून. ज्यांना जळवांसाठी काही हवंय त्यांनी चिमूटभर मीठ ठेवावं, एवढं पुरे.

प्रत्यक्ष वापर. जे वाटलं होतं तेच बरंचसं लागलं, पण जिथे वाटलं होतं तिथे नाही.

ऑफरोडवर एकच नीट लक्षात राहण्यासारखा प्रसंग झाला. पानशेतच्या मागच्या अंगाला एका मित्राची जिप्सी रुतली होती, विंचला जुनी पोलादी तार. त्याने तार गुंडाळताना उघड्या हाताने धरली आणि तुटलेला एक धागा तळव्यात अंगठ्याच्या बुडाशी घुसला. बाहेर टाचणीएवढं टोक, आत केवढं ते कळेना. चिमट्याने अलगद ओढून पाहिलं, हलेना, तेव्हा ओढाताण थांबवली. भोवती गॉजच्या घड्यांचं कडं करून, टोकावर दाब येणार नाही असं बांधलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. तिथे चीर देऊन काढावं लागलं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे त्याला आठवत नव्हतं; तुम्ही स्वतःचं आठवून बघा आणि वहीत लिहून ठेवा. त्या दिवसानंतर विंचला दोर घेतला आणि चामड्याचे हातमोजे रक्ताच्या बॅगेच्या वरच बांधले. सगळ्या किटमध्ये सर्वात जास्त जखमा ह्या मोज्यांनी वाचवल्या असतील.

बाकीचं बहुतेक सामान डांबरी रस्त्यावर संपलं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या वळणांवर दुचाकीवाले घसरतात. आम्ही थांबतो. पाणी, सिरिंज, गॉज, त्रिकोणी पट्टी, एवढ्यावर बरंच निभतं. रस्त्याची माती गेलेली जखम पिण्याच्या पाण्याने सिरिंजने जोर देऊन धुवायची, खूप धुवायची. त्यावर बेटाडीन ओतण्यापेक्षा ह्याचा उपयोग जास्त. कापूस जखमेवर थेट नको, तंतू आत चिकटतात. एका मुलाचं मनगट मोडलेलं दिसत होतं, तिथे फोमचा स्प्लिंट पहिल्यांदा उघडला. लांबीत मध्ये दुमडून पन्हळ केली की तो ताठ होतो, हाताच्या आकाराला वाकतो आणि वर क्रेप गुंडाळला की झालं. किमतीच्या मानाने ह्या वस्तूला माझे पूर्ण गुण. पावसात कुडकुडणाऱ्या त्याच मुलाला रुपेरी चादरही लागली. पातळ आहे, वाऱ्यात फडफडून फाटते, दोन ठेवा.

पोलिसांच्या लफड्याच्या भीतीने थांबत नसाल तर माहिती असू द्या: 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ कलम आलंय, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि नाव सांगायची सक्ती नाही. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण घाटात रेंज मिळेपर्यंत गाडी पुढे न्यावी लागते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी रस्त्यानुसार दवाखाने लिहिलेत: ताम्हिणीच्या पुण्याकडच्या बाजूला पौडचं ग्रामीण रुग्णालय, घाट उतरलात तर माणगावचं उपजिल्हा रुग्णालय, वरंधा घाटाकडे असाल तर भोर.

भाजण्यासाठी घेतलेल्या जेलच्या पट्ट्या वायफळ खर्च वाटला. रेडिएटरच्या वाफेने भाजलेल्या हातावर वीस मिनिटं गार पाणी, मग स्वच्छ ओलसर गॉज. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. पाण्याचा वीस लिटरचा कॅन हौद्यात असतोच, तोच भाजण्याचा किट.

आमच्या ऑफरोड ग्रुपमधले बरेच जण विचारतात, साप चावल्यावरचं इंजेक्शन गाडीत का नाही? कारण ते सलाइनमधून द्यावं लागतं आणि त्याचीच जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही एकाच लशीत येतात, त्यामुळे साप पकडून न्यायचीही गरज नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, टूर्निकेट लावायचा नाही. स्प्लिंट लावून हातपाय स्थिर, अंगठ्या-घड्याळ काढून ठेवायचं, आणि गाडी थेट दवाखान्याकडे न्यायची. लाल विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून ह्या दंशाचे मृत्यू खूप खाली आणले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यावरून एकाने प्राझोसिनच गाडीत ठेवायची म्हटलं. वहिनींनी साफ नकार दिला. ती गोळी रक्तदाब पाडते, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच द्यायची. मधमाश्यांसाठी सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी आहे, पण श्वास लागला, ओठ सुजले की सेटिरिझिनचा भरवसा धरून बसायचं नाही. ज्यांना आधी अशी रिअ‍ॅक्शन आलीये त्यांनी आपल्या डॉक्टरांशी अ‍ॅड्रेनलिनबद्दल बोलूनच बाहेर पडावं.

सर्वात जास्त संपलेली वस्तू ओआरएस. एक पुडी, एक लिटर पाणी, मोजून. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ढकलणाऱ्यांना मी आता गाडीतूनच ओरडतो.

बॅगेला पैसे कमी घाला. माझ्या दोन्ही बॅगा रविवार पेठेत घेतलेल्या साध्या रेक्झिनच्या आहेत, एकीची चेन आत्ताच अडकते. ती बदलायचीये, दुसरा स्प्लिंट घ्यायचाय आणि हेडटॉर्चचे सेल दिवाळीआधी बदलायचेत.