सूर बरा, लय तिगुन, मूड सोडाच: लय-सूर ओळखणाऱ्या अॅपचा आठ महिन्यांचा वापर

ध्वनिफाइल टाकली की बीपीएम (मिनिटाला किती ठोके), की (पट्टी) आणि मूड अशा तीन चौकटी भरून देणारं हे मोफत अॅप जूनपासून जवळजवळ रोज वापरात आहे. वापर एकाच कामासाठी: गोव्यात पियानो शिकणाऱ्यांना सरावासाठी रेकॉर्डिंग निवडून देणं. नाचाच्या गाण्यांवर ते चोख चालतं. शास्त्रीय पियानोवर मात्र तिन्ही चौकटींची किंमत वेगवेगळी आहे.

आधी की. अॅप बाराही स्वरांची ऊर्जा मोजतं आणि २४ मेजर-मायनर साच्यांपैकी कोणाशी ती जास्त जुळते ते पाहतं. षड्ज कुठे ठरला हे त्याला कळत नाही, कोणता स्वर किती वाजला एवढंच कळतं. म्हणून बहुतेक चुका दोनच प्रकारच्या होतात आणि त्या कॅमेलॉट क्रमांकावरून (डीजे लोकांचे पट्ट्यांचे १ ते १२ क्रमांक, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर) लगेच पकडता येतात. आकडा बरोबर पण ए-बी उलटं, म्हणजे तेच स्वर वापरणाऱ्या (रिलेटिव्ह) मेजर-मायनरची अदलाबदल. आकडा एकाने पुढे-मागे, म्हणजे पंचमाचा घोळ. फ्रेंच संगीतकार एरिक सातीची पहिली जिम्नोपेदी (१८८८) डी मेजरमध्ये, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी दोन. अॅप ९बी दाखवतं, म्हणजे जी मेजर, पांढरी पाच. कारण डाव्या हातात पहिला खर्ज जी चा, दुसरा डी चा, आणि तेच आलटून पालटून चालू राहतं. योग्य उत्तर १०बी. बीथोवनच्या मूनलाइट सोनाटाला मात्र १२ए, सी शार्प मायनर, काळी एक, हे दर वेळी बिनचूक आलं.

की चुकण्याचं दुसरं कारण ट्यूनिंग. अॅप ए हा स्वर ४४० हर्ट्झचा धरून चालतं. जुन्या धाटणीच्या फोर्टेपियानोवरचं ४३० चं रेकॉर्डिंग ४० सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली असतं, म्हणजे जवळपास दोन पट्ट्यांच्या मधोमध, आणि अॅप हवेत तीर मारतं. ४१५ असेल तर सरळ अर्धा स्वर खाली दाखवेल, ती चूक नव्हे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेलं जुनं वादन ८० च्या वेगाने फिरवलेलं असेल तर सूर ४४ सेंट चढतो आणि लयही अडीच टक्के वाढते. सेटिंगमध्ये संदर्भ-स्वर बदलायची सोय आहे, पण तीन पडदे आत दडवलेली. ती आधी शोधून ठेवा.

आता लय, आणि खरी गंमत इथेच. तबलजीच्या भाषेत सांगायचं तर अॅपला ठाय कळत नाही, त्याला दुगुन-तिगुनच ऐकू येते. मूनलाइटच्या पहिल्या भागात सतत त्रिपदी (एका क्रॉचेटमध्ये तीन स्वर) चालते, आणि अॅप तिचा प्रत्येक स्वर एक ठोका म्हणून मोजतं. त्या भागात ६९ बार (तालाची आवर्तनं), प्रत्येकी चार क्रॉचेट, एकूण २७६. साडेपाच मिनिटांचं रेकॉर्डिंग असेल तर २७६ गुणिले ६०, भागिले ३३०, म्हणजे सरासरी ५०. अॅप दाखवतं १५० च्या आसपास. तीनने भागलं की झालं. त्यातही बीथोवनने मात्रा मिनिमची, दोन क्रॉचेटची, लिहिली आहे, म्हणजे खरी लय २५ ची!

शोपाँचा ओपस ९ क्रमांक २ चा नॉक्टर्न याहून फसवा. छापील खूण क्वेव्हर (अर्धा क्रॉचेट) बरोबर १३२. एखादा वादक त्याच वेगाने वाजवत असेल तर अॅपही १३२ दाखवेल आणि विद्यार्थी खूश होऊन मेट्रोनोमचा प्रत्येक टिक एक मात्रा धरेल. पण १२/८ मध्ये मात्रा तीन क्वेव्हरची, म्हणजे ४४.

रुबातो, म्हणजे लय मुद्दाम सैल-ताठ करणं, असेल तर सरासरी आकड्याला अर्थच उरत नाही. हाताने मोजायची रीत सोपी: सुरुवातीचे आठ बार निवडा, पहिल्या ठोक्याला स्टॉपवॉच चालू, नवव्या बारच्या पहिल्या ठोक्याला बंद. चार मात्रांचा ठेका असेल तर ३२ गुणिले ६०, भागिले सेकंद. शेवटचे बार कधीही धरू नका, तिथे सगळेच थांबतात. फाइलच्या टोकाची शांतता आणि टाळ्या आधी कापा.

मूडची चौकट ही बहुधा वेग, आवाजाची पातळी आणि मेजर-मायनर यांची भेळ. शोपाँचा ई मायनरमधला चौथा प्रिल्यूड तिच्या मते 'रिलॅक्सिंग'. १८४९ साली शोपाँच्याच अंत्यविधीला तो ऑर्गनवर वाजवला गेला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. पियानोवादक ग्लेन गूल्डच्या दोन रेकॉर्डिंगांची, बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची, गोष्ट आणखी बोलकी. १९५५ ची आरिया (सुरुवातीची धून) दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ ची तीन मिनिटांहून थोडी जास्त. पुनरावृत्ती दोन्हीकडे नाही. सूर तोच, स्वरलिपी तीच, आणि ऐकणाऱ्याला दोन वेगळी माणसं भेटतात. अॅपने दोन्हींवर 'काम' (calm, शांत) असा शिक्का मारला.

गोव्यापुरती एक अडचण वेगळी. जून ते सप्टेंबर ओलाव्याने साउंडबोर्ड फुगतो आणि अपराइट (उभ्या) पियानोचा मधला भाग सुरात चढतो. घरचा ए ४४५ वर गेला असेल तर रेकॉर्डिंगशी २० सेंटची तफावत पडते, सोबत वाजवलं की कानाला खुपतं. अॅपमध्ये रेकॉर्डिंग २० सेंट वर सरकवता येतं, आणि याच एका सोयीसाठी ते फोनवर टिकून आहे. पियानो मात्र पावसाच्या मध्यावर ट्यून करून घेऊ नका, हवा कोरडी पडली की तो पुन्हा उतरतो.

वेग कमी करायची सोय ७५ टक्क्यांपर्यंत ठीक. त्याखाली हातोडीचा ठोका फाटून दुहेरी ऐकू येतो. आणि माइक लावून ओळखायचा मार्ग आषाढात विसरा: कौलांवर पाऊस पडत असताना बाराही स्वर सारखेच भरतात, तरी अॅप कुठलीतरी की छातीठोकपणे सांगतं. फाइलच टाका.