शेतघराला बंदूक की भोंगा-दिवे? दोन्ही बाळगून झाल्यावरचं मत

विहिरीवरची केबल कापून नेली किंवा रातोरात डाळिंबाची तोड झाली, की पारावर सल्ला ठरलेला असतो: "लायसन्स काढा, एक बार उडवला की परत फिरकत नाहीत." वडिलांच्या मागे माझ्या नावावर आलेली बारा बोअरची डबल बार, म्हणजे छऱ्यांची दोननळी बंदूक, मी बरीच वर्षं बाळगतोय. पुढे शेतघराला हालचालीवर लागणारे दिवे, भोंगा आणि कॅमेरेही बसवले. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घ्यावा किंवा बंदूक कुठल्या कारखान्याची, हे दुकानदार सांगेलच. मला बोलायचंय ते चोर येऊन गेल्यानंतरचं, म्हणजे पंचनाम्यापासून पुढचं. मी वकील नाही. पण परवाना हातात असला की माणूस कलमं वाचायला लागतो.

1 जुलै 2024 पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खासगी बचावाचा हक्क पूर्वी कलम 96 ते 106 मध्ये होता, तो आता 34 ते 44 मध्ये आहे. मजकुरात फार फरक नाही. मालमत्ता वाचवण्याचा हक्क आहेच, पण त्यात समोरच्याचा जीव गेला तरी चालेल असे प्रसंग कलम 41 ने चारच दिलेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहत्या घराची किंवा माल ठेवायच्या जागेची आगीनं किंवा स्फोटकांनी नासधूस करणं, आणि जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं.

आता आपली केबल यात कुठं बसते ते बघा. उघड्या रानात, विहिरीच्या कठड्यापाशी बसून पक्कडनं तांब्याची वायर तोडणारा माणूस यातल्या कशातच येत नाही. ती साधी चोरी. तिथं कलम 42 लागतं: मृत्यू सोडून इतर इजा करता येते, तीही गरजेपुरतीच. बारा बोअरच्या छऱ्यांना हे कलम कोण समजावणार? अंधारात तुम्ही पायावर नेम धरता आणि तो नेमका त्याच वेळी खाली वाकतो.

कलम 43 त्याहून बारीक आहे. चोरीविरुद्धचा हक्क चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत येईपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंतच चालतो. तुमचा आवाज ऐकून त्यानं केबलचं भेंडोळं जागीच टाकलं आणि तो उसात पळाला, तर माल तुमचा तुमच्यापाशीच राहिला आणि हक्कही तिथंच संपला. त्यानंतर पाठीत छर्रे गेले तर उत्तर द्यायला तुमच्याकडे काही उरत नाही. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या 1963 च्या निकालात भांडण शेतजमिनीवरूनच होतं, आणि पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांना सर्वोच्च न्यायालयानं बचाव मानलं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. दर्शन सिंग प्रकरणात 2010 साली याच न्यायालयानं म्हटलं की हल्ला समोर येऊन ठाकल्यावर नागरिकानं भित्र्यासारखं पळावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. पण हे तुमच्या बाबतीत लागू पडतं का, ते बार उडाल्यावर बऱ्याच वर्षांनी ठरतं. तोवर बंदूक मुद्देमालात, तुम्ही तारखांवर, आणि बचाव होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर. ते निर्विवाद सिद्ध करावं लागत नाही, तसं असणं जास्त संभवनीय वाटलं तरी पुरतं, पण वकिलाची फी त्यामुळे कमी होत नाही. आणि मर्यादा ओलांडली असं ठरलं, तर खून नाही तरी सदोष मनुष्यवध म्हणून तुरुंग आहेच.

"हवेत बार काढू" हाही तोडगा वाटतो तितका निर्धोक नाही. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बेदरकार गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजारच्या वस्तीवर माणसं अंगणात झोपतात, हे बार काढताना कुणाच्या लक्षात असतं?

एवढं सगळं वाचूनही मी बंदूक सोडली नसती. माझं मन उडालं ते निवडणुकांमुळे.

आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायची नोटीस येते. कायद्यानं बघायचं तर छाननी समितीनं एकेका परवानाधारकाचा विचार करून ठरवायचं असतं. सरसकट सगळ्यांची शस्त्रं घेऊ नका असं न्यायालयांनीही सांगितलंय. पण नोटीस हातात पडल्यावर त्यावर भांडत बसण्यापेक्षा माणूस गुमान बंदूक नेऊन देतो. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्च ते 6 जून होती आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली. म्हणजे ऐन उन्हाळ्यात बंदूक ठाण्यात, आणि दिवाळीत पुन्हा ठाण्यातच. ठाण्यातल्या त्या खोलीत बंदुका भिंतीला टेकवून उभ्या असतात, प्रत्येकीच्या घोड्याच्या कडीला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. परत घेताना माझीच्या उजव्या नळीत गंजाचे ठिपके धरले होते. तेल लावून नेली होती तरी. त्याच उन्हाळ्यात आमच्या शिवारात केबलचोरांनी धुमाकूळ घातला, आणि रात्री उशाशी माझ्याकडे होती ती जमा केल्याची पावती. पोलिसांचा यात दोष नाही, त्यांना वरून हुकूम असतो. पण ज्या वस्तूवर राखणीची भिस्त ठेवायची ती अशी अधूनमधून सरकारजमा होणार असेल, तर तिच्या भरवशावर झोप कशी लागायची?

त्यात ती बंदूक मी रानात असेन तेव्हाच कामाची. परवाना माझा, त्यामुळे गड्याच्या हातात देता येत नाही. आणि मी गावी गेलो की मोकळ्या शेतघरात ती ठेवणं म्हणजे चोरांना आमंत्रण. राखायच्या वस्तूंत आणखी एका वस्तूची भर.

भोंगा-दिव्यांचंही सगळं गोड नाही. कुत्रं गेलं तरी दिवे लागतात. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागून कोळी, आणि काचेवर जाळं हललं की मध्यरात्री मोबाईल बोंबलायला लागतो. कुंचला घेऊन पुसत राहावं लागतं. लाईट गेली तर बॅटरी हवी, रेंज गेली तर कपाळावर हात. चित्रण न्यायालयात वापरायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या न्हाणीकडे नको, हे वेगळं सांगायला नको. आणि हौसेनं कुंपणात थेट लाईन सोडू नका. माणूस चिकटला तर प्रकरण बंदुकीइतकंच अंगाशी येतं. पण भोंग्याचा सगळ्यात वाईट परिणाम म्हणजे शेजाऱ्याच्या शिव्या, आणि तेवढ्यावर मी राजी आहे. भोंगा वाजला की चोर पळतो, तो पकडला जात नाही, हे खरं. मला तो पकडायचा नसतोच, माझी केबल जागेवर राहायला हवी असते.

बंदुकीचं पारडं कुठं जड होतं? बायकापोरांसकट वस्तीवर राहत असाल, रस्ता धड नसेल, ठाणं लांब असेल आणि भागात दरोडे पडत असतील, तर मी तुम्हाला नको म्हणणार नाही. तिथं प्रश्न मालाचा न राहता जिवाचा होतो, आणि शरीराच्या बचावाचं कलम 38 बरंच भक्कम आहे. रानडुकरांसाठी म्हणून घेत असाल तर मात्र थांबा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात जीव वाचवताना प्राणी मारला तर सूट आहे, पिकासाठी आधी वनविभागाची परवानगी लागते.

माझ्या परवान्याची मुदत आता संपत आलीय. नूतनीकरणाचा अर्ज या खेपेला भरीन असं वाटत नाही. तुमच्याकडेही अशी वारशाची बंदूक असेल आणि मोह सुटला असेल, तर मुदत संपून ती माळ्यावर तशीच पडू देऊ नका. परवाना संपला की जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावी लागते. मी विक्रेत्याकडे देणार आहे. त्याच्याकडे निदान नळीत तेल तरी पडेल.