चिलर की पंखे? नागपूरच्या उन्हाळ्यातला रीफ टँक आणि विजेचं बिल

एप्रिल लागला की आपल्याकडे समुद्री टँक ठेवणाऱ्याची झोप उडते. बाहेर पारा 45 कडे निघालेला असतो आणि प्रवाळांना 25-26 हवं असतं. मी दोन उन्हाळे चिलरवर (पाणी थंड करणारं कॉम्प्रेसरचं यंत्र) काढले, पुढचे दोन टँकच्या पाण्यावर वारा घालणाऱ्या छोट्या पंख्यांवर. ज्यांना यंदा यातलं एक निवडायचं आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव.

टँक 120 लिटरचा आहे, खाली लहान सम्प, म्हणजे पाणी फिरून येतं ती दुसरी टाकी. आत झोआ, मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ आणि क्लाउनफिशची जोडी. कडक प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, म्हणून ते नाहीतच. मऊ प्रवाळ दुपारी 27 पर्यंत निभावून नेतात, हे माझ्या पुढच्या सगळ्या बोलण्यात गृहीत धरा.

आधी बाकीचा खर्च बाजूला काढू, कारण तो दोन्हीकडे सारखाच आहे. 10 वॅटची वस्तू चोवीस तास चालली तर महिन्याला 7.2 युनिट होतात. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर चढवणारा), वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारा) मिळून माझ्याकडे 38 वॅट, लाइट 60 वॅटचा पण आठच तास. एकूण 42 युनिटच्या आसपास. यात फार काटकसर करायला जागा नाही, आणि करूही नये.

फरक पडतो तो थंडाव्यात. सॉकेटला लावायचं छोटं मीटर मी चार वर्षं वापरतोय. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत चिलर रोज 2.8 युनिट घ्यायचा, म्हणजे त्या हिशेबाने महिन्याला 84. पाच-पाच वॅटचे दोन पंखे कंट्रोलरवर (तापमान बघून चालू-बंद करणारा) दिवसाला साधारण 18 तास चालतात, महिन्याला साडेपाच युनिट. यात स्लॅबची गोष्ट विसरू नका. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांवर चढतो आणि वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. आमच्या घरी मे महिन्यात टँकच्या नेहमीच्या उपकरणांसकट, पण थंडावा वगळून, 280 युनिट होतात. पंखे धरून आम्ही 300 च्या आत राहतो. चिलरच्या 84 पैकी 64 युनिट मात्र तिसऱ्या स्लॅबमध्ये जायचे आणि वर 16 टक्के वीज शुल्क. टँकचं बिल काढताना घराचा सरासरी दर धरू नका, शेवटच्या स्लॅबचा धरा.

तरी खरं सांगतो, नुसत्या बिलासाठी मी चिलर सोडला नसता. पाणी 25.5 वर ठेवलं की तिथेच राहायचं, आणि त्या स्थैर्याची किंमत मला मान्य होती. मला नकोशी झाली ती त्याची गरम हवा. चिलर पाण्यातली उष्णता काढतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात मिसळून खोलीतच सोडतो. आमचा टँक बैठकीत, आणि आई दुपारी तिथेच दिवाणावर पडते. पहिल्या उन्हाळ्यात ती दोनदाच बोलली. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी उठून बसली आणि म्हणाली, "काय रे, तुझी ही मशीन माझ्या पायावर झळा सोडून राहिली." मी चिलर फिरवला, तर झळ भिंतीवर आदळून परत टँककडेच. मग कूलरचा वेग वाढवला. खोली तापली की चिलर जास्त चालायचा, तो जास्त चालला की खोली आणखी तापायची. कूलरचे हे वाढीव युनिट माझ्या छोट्या मीटरवर कधी दिसलेच नाहीत. लांब नळी टाकून चिलर बाल्कनीत न्यायचं मनात आलं होतं, पण पश्चिमेच्या बाल्कनीत 45 डिग्रीच्या हवेत तो काय थंड करणार?

पंख्यांचं काम माठासारखं आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण 0.67 युनिटाएवढी उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात माझ्याकडे रोज चार लिटर पाणी उडतं, म्हणजे पावणेतीन युनिटांएवढी उष्णता, आणि ती वाफ कूलरच्या हवेबरोबर उघड्या दारा-खिडकीतून बाहेर जाते. टँक सकाळी 25.5 आणि दुपारी 27 च्या आत राहतो. कोरड्या हवेचा असा फायदा मुंबईच्या टँकवाल्यांना मिळत नाही.

कटकटी पंख्यांच्याही आहेत. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. एक दिवस टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी भरणं, चुकला की क्षारता हजारी 35 वरून 36 वर. त्यामुळे फ्लोटचा ऑटो टॉप-अप आणि आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याचा साठा हवाच. आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही फरशी पुसायला वापरतो. कूलरमध्ये टाकलं होतं, तर त्याच्या गवताच्या ताट्यांवर पांढरा थर लवकर चढला. पंख्यावर मिठाचे कण बसतात आणि दर मोसमात एखादा तरी जातो. मी एक जास्तीचा आणून ठेवतो.

वीज जाते तेव्हा मात्र पंख्यांचं मोल कळतं. गेल्या मे महिन्यात वादळात पाच तास अंधार होता. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि वेव्हमेकर निवांत चालले. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना हाच इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडायचा.

पण तुमच्या घरी त्या खोलीत एसी असेल तर माझं ऐकू नका. बंद खोलीत पंख्यांची वाफ कोंडते आणि ती काढायचं काम एसीवर पडतं. तिथे चिलर बरा, किंवा एसी चोवीस तास चालत असेल तर दोन्ही नकोत. आठ-आठ दिवस बाहेरगावी जाणाऱ्यालाही मी चिलरच सुचवेन.

राहिला पावसाळा. जुलैत माठातलं पाणी गार होत नाही, तसेच पंखेही हात टेकतात. टँक 28 वर जातो. तेव्हा मी लाइट रात्रीवर नेतो, आणि दोन-तीन आठवडे जुना चिलर लावतो. खोलीच तिशीच्या आत असल्याने तो थोडाच वेळ चालतो, आणि आईची तक्रार नसते. म्हणून नवीन टँकवाल्यांना माझं सांगणं एवढंच, की आत्ता मीटर आणि पंखे आणा, एप्रिल-मे काढून बघा. चिलरचं काय करायचं ते मृगाच्या पावसानंतर, कूलर चिकचिक करायला लागला की ठरवा.