वाइन की ब्रँडी?
लातूर असो की परभणी, 'वाइन शॉप'च्या पाटीखाली व्हिस्की, रम सगळंच मिळतं. त्यामुळं आपल्याकडं वाइन म्हणजे कुठलीही दारू, असा समज झालाय. मला तो फार खटकतो.

वाइन म्हणजे द्राक्षाचा रस नुसता आंबवलेला. अल्कोहोल साधारण 12 ते 14 टक्के. तीच वाइन तापवून तिची वाफ थंड केली की ब्रँडी, सुमारे 40 टक्क्यांची. हा फरक शब्दातच आहे: मूळ डच 'ब्रांडेवाइन', म्हणजे 'जाळलेली वाइन'.

आपल्या मापानं सांगायचं तर शिंदी नुसती आंबते, म्हणून वाइनच्या जवळची. किनवटकडची मोहाची मात्र भट्टीवर गाळलेली. ती ब्रँडीची भावकी, तिला वाइन म्हणूच नये.