गुडघेदुखी आणि ताई ची: काही महिन्यांच्या सरावानंतर

तोल खूप सुधारला, गुडघ्यांचं दुखणं बरंच कमी झालं, वजन मात्र जराही हललं नाही. ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाने काय होतं असं विचारणाऱ्या मैत्रिणींना मी आधी एवढं सांगते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला राहतो. माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज सुरू झालेली, जिना उतरताना कठडा सोडवत नसे. इथल्या फुशिंग पार्कात सकाळी ताई ची करणाऱ्यांचे गट जमतात, त्यातल्या एकात मी जाऊ लागले. आम्ही करतो तो २४ प्रकारांचा छोटा क्रम. सामान्य माणसालाही जमावा म्हणून चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये तो ताई चीच्या यांग नावाच्या शैलीतून बसवला. करायला पाच-सहा मिनिटं लागतात, अंगवळणी पडायला कित्येक आठवडे.

बघणाऱ्याचं लक्ष हातांकडे जातं, पण खरं काम पायांत आहे. आमच्या लाओशींनी, म्हणजे शिक्षकांनी, सुरुवातीला हात कमरेवर ठेवायला सांगून नुसतं चालायला लावलं. टाच टेकवायची, त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, मग मागच्या पायावरचं वजन सावकाश पुढे आणायचं. गुडघे सगळा वेळ किंचित वाकलेले. मांड्या अक्षरशः थरथरायच्या! पण गुडघ्याला आधार देणारे स्नायू तेच, आणि एका पायावर वजन हळूहळू पेलताना घोटाही सावरायला शिकतो. जिना उतरताना नेमकं हेच लागतं, म्हणून पहिला फरक मला तिथेच जाणवला. झोपही सुधारली, पण ती ताई चीने की रोज पहाटे उठण्याने, हे सांगता येणार नाही.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही, याचं मला फार समाधान वाटतं. गुडघ्यांची झीज असलेल्या २०४ जणांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवड्यांनी ताई चीचा गुण फिजिओथेरपीइतकाच आला, आणि मनाची उदासी ताई ची करणाऱ्यांत जास्त कमी झाली. पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढच्या ६७० जणांवरचा ओरेगनमधला अभ्यास २०१८ चा. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा तिथे ताई चीच्या गटात पडण्याचं प्रमाण ५८ टक्के कमी होतं. घरात म्हातारं माणूस असेल त्याला या आकड्याची किंमत कळेल.

जपायच्या गोष्टीही आहेत. गुडघा पावलाच्या दिशेतच वाकला पाहिजे आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये. वळताना आधी वजन मागे घ्यायचं, मगच पाऊल वळवायचं. भार असलेला पाय तसाच फिरवला तर गुडघा पिळवटतो. सापासारखं खाली सरपटत जाण्याचा एक प्रकार आहे, तो मी वरच्या वर करते. बीपीच्या गोळ्या चालूच आहेत, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करू नयेत.

पुण्यात आईला मी व्हिडिओ कॉलवर फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं शिकवलंय, तेही जड खुर्चीची पाठ धरून. पुढचं शिकायला तिला समोर उभं राहून पावलं दुरुस्त करणारं माणूस हवं. तुम्हीही शिक्षक शोधणार असाल तर त्यांचा एक वर्ग आधी नुसता बघा. पावलांकडे न बघता कोणी थेट हात शिकवत असेल, तर दुसरीकडे चौकशी करा.