लोणारला गेलात तर गाईड घ्याच

मागच्या थंडीत आम्ही चौघं जालन्याहून लोणार सरोवर बघायला गेलो, गाईड घ्यायचा की नाही यावरनं गाडीतच वाद, भावाचं म्हणणं की खड्डा तर आहे, वरनं बघू, फोटो काढू आणि निघू. मी हट्टाने घेतला आणि ते फार बरं झालं.

गावातलेच काका होते, साठीच्या आसपास. व्ह्यू पॉइंटवर न थांबवता त्यांनी आधी काठावर उभं केलं आणि म्हणाले, पायाखाली बघा. हा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण २० मीटर उंच आहे, उल्का आदळली तेव्हा आतला दगड उडून बाहेर पडला त्याचा हा बांध. मग खिशातनं लोहचुंबक काढून एका काळ्या दगडाला लावलं, चिकटलं! विवर जवळजवळ १.८ किमी रुंद आणि दीडशे मीटर खोल, हे आकडे आधी वाचलेले, पण खाली उतरताना गुडघे बोलायला लागले तेव्हा खरे कळले.

खाली झाडी दाट, मोर ओरडतात आणि पाण्याजवळ कुजक्या अंड्यासारखा वास. काकांनी हळद चोळलेला कागद पाण्यात बुडवला तर तो बघता बघता कुंकवासारखा लाल झाला, पाणी इतकं क्षारयुक्त आहे, माझी पोरगी तर तो कागद वहीत ठेवायला घरी घेऊन आली. २०२० च्या जूनमधे पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सअपवर काय काय फिरत होतं, काकांनी सरळ सांगितलं, पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यात मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचाच तो रंग. आणि वर काठावर गोमुखाची धार मात्र गोड पाण्याची! २०२० मधेच सरोवर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं.

गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, आत अंधार असतो, काकांनी टॉर्च मारून छतावरचं कोरीवकाम एकेक दाखवलं, लवणासुराची गोष्ट तिथेच ऐकली. खाली पाणी मिळत नाही, बाटल्या न्या, आणि चप्पल घालून उतरू नका, दगड सुटतात. पैसे आधी ठरले तेवढेच घेतले.

येताना सिंदखेडराजाला थांबलो पण तिथे गाईड नव्हता आणि ड्रायव्हरची घाई, तासाभरात निघालो. जिजाऊंचा जन्म झाला तो राजवाडा, १२ जानेवारी १५९८, तिथे उभं राहून अंगावर काटा आला, पण कुठली भिंत कशाची ते सांगायला कोणी नाही. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधवांच्या भल्या थोरल्या समाधीसमोर तर जास्तच वाटलं, १६२९ मधे देवगिरीवर त्यांच्यासोबत मुलं आणि नातू पण मारले गेले हे मी घरी येऊन वाचलं. पुढच्या वेळी तिथे अर्धा दिवस आणि आधी माणूस शोधून मगच जाणार.