दोन किलोमीटरवरचा ड्रोन पकडतो म्हणून आमच्या वस्तीला साधे सीसीटीव्ही विकले

शिरूर तालुक्यातली घोड नदीकाठची आमची वस्ती आहे, 31 घरं. 2024 च्या जून-जुलैत पुणे जिल्ह्यात रात्री ड्रोन फिरायला लागले ते सगळ्यांना आठवत असेल, बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर सगळीकडं तेच, पलीकडं बीड-जालन्यात पण. कोण म्हणायचं चोर टेहळणी करतात, कोण म्हणायचं सर्व्हे चाललाय, खरं काय ते कोणालाच माहीत नाही. आमच्याकडं आधीच बिबट्यामुळं अंधार पडला की उसाच्या कडेला कोणी जात नाही, त्यात वर लाल-हिरवे दिवे दिसायला लागले की लहान पोरं रडायची. आम्ही काठ्या-टॉर्च घेऊन रात्र रात्र गस्त घातली आणि सकाळी तसेच कांद्याच्या वखारीवर कामाला गेलो. त्या भीतीचा एका माणसानं फायदा घेतला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

जुलैच्या शेवटी एकजण गाडी घेऊन आला, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. वडिलांना आबा आबा करत घरात बसला. म्हणे एआय ड्रोन डिटेक्शन कॅमेरा आहे, दोन किलोमीटरवरचा ड्रोन रात्रीसुद्धा ओळखतो, पक्षी आणि ड्रोन यातला फरक कळतो, दिसला की लगेच भोंगा वाजतो. दुसऱ्या दिवशी डेमो दिला. दुपारी बाराला, मोकळ्या आकाशाखाली, स्वतःचाच ड्रोन स्वतः उडवला, फार तर सात-आठ मजल्यांएवढा वर. कॅमेऱ्यासमोर ड्रोन आला की भोंगा वाजला, बाजूला गेला की बंद, तीन वेळा केलं तिन्ही वेळा वाजला. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यामुळं शंका घ्यायला कोणाला जागाच राहिली नाही, मला पण नाही.

घरटी 6,000 प्रमाणे 1,86,000 जमले. आमच्या शेजारच्या काकू एकट्या राहतात, त्यांनी शेळी विकून पैसे दिले, त्यांना सांगितलं होतं की तुम्ही देऊ नका तरी ऐकलं नाही, म्हणाल्या रात्री मलाच जास्त भ्या वाटतं. वर्गणी मी गोळा केली होती, त्यामुळं त्यांच्या दारावरून जाताना अजून मान वर होत नाही. पैसे कंपनीच्या नाही तर त्याच्या वैयक्तिक खात्यावर गेले, पावती लेटरहेडवर, जीएसटी नंबर नाही. मी विचारलं तर म्हणाला दादा पक्कं बिल हेड ऑफिसवरून येतं.

मंदिराच्या खांबावर चार कॅमेरे आकाशाकडं तोंड करून बसवले. पहिल्याच रात्री भोंगा अकरा वेळा वाजला, प्रत्येक वेळी सगळी वस्ती बाहेर. आकाशात काहीच नाही. नंतर लक्षात आलं की रात्री कॅमेऱ्याभोवती जे इन्फ्रारेड दिवे लागतात त्यांच्या उजेडात काचेजवळून गेलेला किडा स्क्रीनवर पांढरा फटक ठिपका दिसतो. वटवाघूळ गेलं की वाजणार, पावसाचा थेंब पडला की वाजणार, कोळ्यानं जाळं केलं तेव्हा तर रात्रभर थांबलाच नाही. त्याला फोन केला तर म्हणाला एआय अजून शिकतंय, आठ दिवस द्या. मग येऊन काहीतरी सेटिंग केलं आणि त्यानंतर भोंगा वाजायचाच बंद झाला. आणि आम्हाला वाटलं आता बरोबर चाललंय, आम्ही गस्त पण थांबवली. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, पैसे गेले ते गेले पण महिनाभर आम्ही या यंत्राच्या भरवशावर निवांत झोपलो.

गणपतीत भाचा आला, तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं रेकॉर्डरचा मेनू उघडला आणि अर्ध्या तासात सगळं कळलं. आत एआय वगैरे काही नव्हतं, साधं मोशन डिटेक्शन, म्हणजे चित्रात काहीही हललं की अलार्म. कॅमेऱ्याच्या नावाच्या जागी फक्त 'एआय ड्रोन वॉच' असं टाइप केलेलं होतं. कॅमेरे दुकानात मिळतात तेच 4 मेगापिक्सेलचे, 2.8 मिलिमीटर लेन्सचे, वर स्वतःचं स्टिकर. वायर, रेकॉर्डर, भोंगा सगळं धरून तीस-पस्तीस हजारांच्या वरचा माल नव्हता.

मग त्यानं वहीवर हिशोब करून दाखवला, तो प्रत्येकानं समजून घ्यावा असा आहे. या कॅमेऱ्याचं चित्र आडवं 2560 टिंबांचं (पिक्सेलचं) असतं. लेन्स इतकी रुंद की 100 मीटरवर त्यात साधारण 240 मीटर रुंदीचा पट्टा मावतो, म्हणजे एका मीटरच्या वाट्याला दहा-अकरा टिंबं. लग्नात उडवतात तो ड्रोन फूटभराचा, त्याला मिळाली तीन टिंबं. तीन टिंबांवरून पक्षी का ड्रोन हे माणूस सुद्धा सांगू शकणार नाही. 500 मीटरवर तो एक टिंब पण भरत नाही, दोन किलोमीटरचं तर विचारूच नका. आणि त्या इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड तीसेक मीटरच्या पुढं जात नाही. डेमोला ड्रोन 25 मीटरवर होता, दिवसा, मागं मोकळं आकाश, हलणारी वस्तू तेवढी एकच. म्हणून वाजला.

पोलीस पाटलांना सांगून गावातल्या फोटोग्राफरचा ड्रोन रात्री 100 मीटरवर उडवला, ड्रोनच्या दिव्यांना काळी टेप लावून. चारही कॅमेऱ्यांत काही नाही, भोंगा गप्प. खाली उभे असलेल्या आम्हाला मात्र त्याची घरघर ऐकू येत होती.

कॅमेऱ्यानं ड्रोन पकडतच नाहीत असं नाही. पण विमानतळ, लष्कर अशा ठिकाणी आधी रडार किंवा रेडिओ लहरी ऐकणारं यंत्र दिशा सांगतं, मग फिरत्या स्टँडवरचा मोठ्या झूमचा कॅमेरा तिकडं वळून खात्री करतो, रात्रीसाठी उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा वेगळा. ते काम एका जागी खिळलेल्या रुंद लेन्सच्या कॅमेऱ्यानं होत नाही. त्या माणसानं आम्हाला 90,000 चा जॅमर, म्हणजे ड्रोनचा सिग्नल अडवणारं यंत्र, पण घ्यायला सांगितलं होतं, नशीब पैसे उरले नव्हते. खासगी माणसाला जॅमर वापरता येत नाही, दूरसंचार विभागानं 2022 मध्ये तशी सूचनाच काढली होती, म्हणजे पैसे पण गेले असते आणि गुन्हा पण आमच्यावरच.

अजून एक, भाच्यानं मोबाईलवर विमानं दाखवणारं ॲप चालू केलं आणि आम्ही ज्याला ड्रोन म्हणून पळायचो त्यातले बरेच दिवे लोहगावकडं जाणारी विमानं निघाली. सगळे नाहीत, दोन-तीन वेळा डोक्यावर थांबलेला ड्रोन मी स्वतः पाहिलाय.

कॅमेरे विकणाऱ्याचा फोन आता बंद आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, पण त्यांनी पहिलं विचारलं ते पक्कं बिल, आणि तेच आमच्याकडं नाही. खात्यावर पाठवलेल्या पैशांचं स्टेटमेंट आणि डेमोचे मोबाईलवरचे व्हिडिओ तेवढे जोडलेत. दोन कॅमेरे खाली उतरवून रस्त्याकडं वळवले, गस्त परत सुरू केली, काकूंचे 6,000 आम्ही चौघांनी मिळून परत दिले.

परवा आतेभावाचा फोन आला, त्यांच्या वस्तीवर पण रविवारी एकजण ड्रोन पकडायच्या कॅमेऱ्याचा डेमो द्यायला येतोय, दुपारी बाराला. मी जाणार आहे. आतेभावाला सांगितलंय की डेमो रात्री आठला ठेवायला लाव, आणि ड्रोन आपला फोटोग्राफर उडवणार.